उजव्या हाताला कोलोसियम

अनयला मी स्पष्ट सांगून टाकलं होतं, "आधी मी तुझ्या बाबांना रोम दाखवून आणते. आल्यावर तुझ्या त्या फ्लॅटचं बोलू. मधे विषय काढलास तर मी फोन ठेवून देईन." आणि मी ठेवते हं, नुसतं म्हणत नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये केली आहे, फोन कसा ठेवायचा ते मला कुणी शिकवायला नको.

फ्लॅटचं प्रकरण असं होतं. आमचा अनय गोरेगावला एका टॉवरमध्ये राहतो, पूर्वेला. त्याच्याच मजल्यावरचा लहान फ्लॅट रिकामा होत होता. आम्ही मुलुंडचं घर विकायचं आणि तिथे जाऊन राहायचं, असं त्याने आणि गंधालीने ठरवलं होतं. गंधाली म्हणजे आमची सून. दोघंही वाईट नाहीत, उलट फारच चांगली आहेत, आणि चांगल्या माणसांशी भांडताना जास्त दम लागतो. "आई, मधे नुसती एक भिंत असेल," असं गंधाली सारखं म्हणायची. मी म्हणायची, अगं, भिंत कशाला, आख्खं पवई असू दे मधे, बरं पडतं.

कारण होतं नंदू. माझा नवरा, नंदकुमार. मी त्याला पहिल्यापासून अरे-तुरे करते, सासूबाईंना ते शेवटपर्यंत आवडलं नाही, असो. तर नंदू विसरायला लागला होता. चष्मा, किल्ल्या सगळेच विसरतात, मीही विसरते. पण एका रविवारी जेवणं झाली, हात धुतले, सुपारी खाल्ली आणि थोड्या वेळाने हा आत येऊन मला विचारतो, "काय गं, आज जेवायचं नाही का?" अनय आणि गंधाली समोरच बसले होते. मी चटकन म्हटलं, "श्रीखंड उरलंय ना, डोळा आहे त्यावर!" गंधाली हसली. अनय नाही हसला.

डॉक्टर म्हणाले, सुरुवात असेल, नसेलही. चालतं-बोलतं ठेवा, पुढच्या वर्षी परत बघू. अनयच्या डोक्यात मात्र एकच, की आई एकटीने कसं निभावणार. मला तिडीक गेली. मी म्हटलं, "निभावणार म्हणजे? मी त्याला परदेशात फिरवून आणीन!" तोंडातून निघून गेलं खरं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अनयने लगेच पकडलं. "ठीक आहे. नीट जा, नीट या. मग मी पुन्हा विषय काढणार नाही. पण तिकडे काही झालं तर माझं ऐकायचं. कबूल?" मी म्हटलं, कबूल. आता शब्द दिला म्हणजे दिला.

रोम निवडलं ते नंदूने. विक्रोळीच्या कारखान्यात टूल रूममध्ये आयुष्य गेलं त्याचं, लोखंडाचे साचे बनवण्यात. दुसऱ्या कुठल्या शहराचं नाव घेतलं की तो "बघू" म्हणायचा. रोम म्हटलं की ताठ बसायचा. कोलोसियम बघायचं होतं त्याला. "दोन हजार वर्षं उभं आहे ते, उत्तरा! आपल्या बिल्डिंगला वीस वर्षांत प्लास्टर मारावं लागतं." मग मीच एका टूर कंपनीत नाव घातलं. मराठी ग्रुप, संध्याकाळी वरण-भात, सोबत चैतन्य नावाचा टूर मॅनेजर. पोरगा गोड होता, पण त्याच्याकडे प्रत्येकाच्या घरचा नंबर होता आणि जरा काही झालं की तो घरी कळवायचा. एका बाईंचा पाय मुरगळला तर ठाण्यातल्या त्यांच्या मुलीला त्यांच्याआधी कळलं!

सुरुवातीचे दिवस झकास गेले. मी म्हटलंच होतं. हॉटेलच्या खोलीचं कार्ड माझ्याकडे, पासपोर्ट माझ्याकडे, नंदूच्या गोळ्या माझ्याकडे. कारंजं बघितलं, पाण्यात नाणं टाकलं, पोपच्या चर्चमध्ये मान वर करून करून मानेला कळ लागली. नंदू खूश होता. एकदा सकाळी त्याने विचारलं, "आपण परत कधी जाणार मुलुंडला?" मी सांगितलं. नाश्त्याच्या टेबलावर पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, पहिल्यांदाच विचारल्यासारखं. एवढं काय त्यात? लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी त्याला रोज विचारायची, माझ्यावर प्रेम आहे का. तो रोज सांगायचा.

मग कोलोसियमचा दिवस आला. आत शिरलो आणि माझा नवरा दहा वर्षांनी लहान झाला. एक कमान धरून उभा राहिला आणि ग्रुपमधल्या लोकांना सांगायला लागला, "हा मधला दगड बघा. बाजूचे सगळे एकमेकांवर रेलतात आणि हा वरून त्यांना घट्ट धरतो. हा काढला की संपलं." हाताने दाखवत होता, मोजत होता, दगडावरून बोट फिरवत होता. आमचा गाईड इटालियन, तोही बाजूला उभा राहून ऐकत होता. मी पटकन व्हिडिओ काढला आणि अनयला पाठवला. खाली लिहिलं, "बघ तुझे बाबा." खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

बाहेर आल्यावर चैतन्यने हाक दिली, "आता सगळे मोकळे! फोटो काढा, आईस्क्रीम खा. पाच वाजता त्या मोठ्या कमानीपाशी या. बस थांबणार नाही हं." कोलोसियमच्या शेजारीच एक वेगळी दगडी कमान आहे, कुठल्या तरी राजाची. तिथे एका बुटक्या कठड्यावर आमच्या ग्रुपमधल्या वनमालाताई बसल्या होत्या. बोरिवलीच्या. पाय सुजलेले, त्यामुळे त्या कुठेही गेल्या की पहिली बसायची जागा बघायच्या. मी नंदूला त्यांच्याजवळ उभं केलं. "मी बाथरूमला जाऊन येते. तू इथून हलू नकोस." तो म्हणाला, "नाही हलत गं. मी काय लहान आहे?" त्याचा फोन माझ्याच पर्समध्ये होता, बॅटरी संपली म्हणून माझ्या पॉवर बँकेला लावलेला. तो द्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाथरूमची रांग म्हणजे रेशनची रांग. सगळ्या जगातल्या बायका तिथे. मी परत आले तर वनमालाताई आहेत, नंदू नाही.

"अहो, तुमचे मिस्टर गेले तुम्हाला शोधायला," वनमालाताई म्हणाल्या. "मला विचारत होते, उत्तरा कुठे गेली. मी म्हटलं, इथेच असतील. तर निघालेच."

उत्तरा कुठे गेली! मी त्याच्या तोंडावर सांगून गेले होते. तो 'नाही हलत' म्हणाला होता.

"कुठल्या बाजूला गेले?"

"ते नाही बघितलं हो. मी चिवड्याचं पाकीट उघडत होते."

आता चैतन्यला सांगावं का? सांगितलं असतं तर त्याने पहिला फोन अनयला लावला असता. बाबा रोममध्ये हरवले! मग काय, संपलंच. माझा शब्द, मुलुंडचं घर, सगळं गेलं. मी म्हटलं, उत्तरा, पाचला अजून वेळ आहे. जाऊन जाऊन जाणार कुठे हा माणूस? या दगडाच्या भोवतीच असणार. आणि मी चालायला लागले.

त्या जागेचा घेर काय सांगू! फोटोत आपल्याला एक बाजू दिसते, प्रत्यक्षात संपता संपत नाही. खाली ते काळे चौकोनी दगड, पाय सरळ पडेल तर शपथ. त्यात आमच्या टूर कंपनीने सगळ्यांना पिवळ्या टोप्या दिलेल्या, आणि माझ्या नशिबाने त्या दिवशी कुठल्या तरी शाळेची पोरंही पिवळ्या टोप्या घालून आलेली. जिकडे बघावं तिकडे पिवळं! एका वाकलेल्या पाठीवर मी "नंदू!" म्हणून थाप मारली तर एक गोरे आजोबा दचकून मागे वळले. मी सॉरी म्हटलं, ते हसले, त्यांच्या बायकोने मात्र माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

मफलर विकणारा एक बांगलादेशी पोऱ्या होता, त्याला हिंदीत विचारलं, "भैया, एक अंकल देखे क्या? पीली टोपी?" तो म्हणाला, "आंटी, सुबह से पीली टोपी ही देख रहा हूँ." काय बोलणार त्याच्यावर. मागच्या अंगाला पत्रे लावून काहीतरी काम चालू होतं, तिथून वळसा घेतला. डोळे फाडफाडून बघत होते. कुठे बसला असेल, चक्कर आली असेल, रस्ता ओलांडून पलीकडे गेला असेल. त्या रस्त्यावर गाड्या काय वेगाने जातात! माझी पाचावर धारण बसली. सगळी फेरी पुरी करून परत कमानीशी आले.

"अहो, आत्ताच गेले!" वनमालाताई ओरडल्या. "आत्ताच! तुम्ही यायच्या जरा आधी. मी सांगितलं त्यांना, उत्तराताई तुम्हाला शोधायला पुढे गेल्यात. तसे लगेच निघाले."

"अहो, मग बसवून ठेवायचं ना त्यांना!"

"मला काय माहीत तुम्ही लगेच याल!"

बरं, म्हटलं, आत्ताच गेलाय तर गाठते. जिवात थोडा जीव आला. मी पाय उचलले. माझा उजवा गुडघा मुलुंडमध्ये जिना चढताना कुरकुर करतो, रोममध्ये तो बोंब मारायला लागला. मी त्याला म्हटलं, आज गप्प बस, उद्या काय ते बोलू. अर्ध्या वाटेत पर्समधला फोन वाजला. अनय.

घेतला नसता तर त्याला संशय आला असता. घेतला.

"आई, व्हिडिओ बघितला! काय मस्त बोलतायत बाबा! गंधालीलाही दाखवला. दे ना त्यांना फोन."

"अरे, ते बाथरूमला गेलेत."

"बरं, मी थांबतो लाइनवर."

"थांबू नकोस, इथे ही मोठी रांग असते. मी करते नंतर."

"आई, तू धापा का टाकतेयस?"

"चढ आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. चढ कसला, सपाट होतं सगळं. खोटं बोलले मी पोराशी. आणि खोटं बोलल्यावर मला इतका राग आला. अनयचा आला, नंदूचा आला, त्या वनमालाताईंचा आला, दोन हजार वर्षांपूर्वी हे एवढं अवाढव्य गोल बांधणाऱ्या राजाचाही आला. चौकोनी बांधलं असतं तर निदान कोपऱ्यावर उभं राहून दोन बाजू दिसल्या असत्या! रागाच्या भरात चालते तेव्हा मी बरी चालते. पण नंदू काही दिसला नाही. आणि मग राग ओसरला आणि खरी भीती वाटली. अनय म्हणतो ते खरं असेल तर? उद्या मुलुंडला असाच कुठे गेला आणि मला सापडलाच नाही तर? मी एवढी तोंडाळ, एवढी शहाणी, पण माझ्याच्याने हे निभणार नसेल तर? चालता चालता माझे डोळे भरून आले. एका हाताने पर्स धरलेली, दुसऱ्या हाताने डोळे पुसले आणि चालत राहिले.

पुन्हा कमान. पुन्हा वनमालाताई. मला बघताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"आत्ताच गेले हो!"

"वनमालाताई!" मी अक्षरशः किंचाळले. "मी तुम्हाला काय सांगितलं होतं? बसवून ठेवा!"

"बसा म्हटलं हो मी! हाताला धरलं! तर म्हणाले, नको, ती एकटी आहे तिकडे, घाबरली असेल. असे म्हणाले आणि गेले." मग चिवड्याचं पाकीट माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "मगापासून बघतेय मी. आधी ते येतात, मग तुम्ही येता. परत ते, परत तुम्ही. प्रदक्षिणा घालताय का दोघं?"

मी चिवड्यात घातलेला हात तसाच ठेवून उभी राहिले.

प्रदक्षिणा! अहो, खरंच की! मी निघाले तेव्हा कुठल्या बाजूने जायचं याचा विचारसुद्धा केला नव्हता. कोलोसियम उजव्या हाताला ठेवून चालायला लागले होते. पायच तसे वळले. आमच्या नाक्यावरच्या गणपतीला मंगळवारी जातो, शनिवारी मारुतीला जातो, देव उजव्या हाताला ठेवून फिरतो. वडाला फिरलो, तुळशीला फिरलो, लग्नात अग्नीला फिरलो. गोल वस्तू दिसली की आपण उजवीकडेच ठेवणार. आणि नंदूही तसाच फिरणार! दुसरीकडून जाईल कसा? मी त्याच्या मागे आणि तो माझ्या मागे, दोघंही सव्य, दोघंही पुढच्याला गाठायला धावतोय. बस येईपर्यंत काय, जन्मभर फिरलो असतो तरी भेटलो नसतो!

मी गर्रकन वळले, कोलोसियम डाव्या हाताला घेतलं.

"अहो, उलट्या कुठे निघालात?" वनमालाताई मागून ओरडल्या.

खोटं वाटेल, पण पाऊल उचलायला जड गेलं. आत देव नाही, काही नाही, माणसांना सिंहांपुढे टाकायचे तिथे. तरी उलटी प्रदक्षिणा ती उलटी प्रदक्षिणा. मी मनातल्या मनात सगळ्याच देवांची माफी मागितली आणि निघाले. आता सगळी माणसं समोरून यायला लागली. पाठींच्या जागी तोंडं दिसायला लागली. शाळेची पोरं, मफलरवाला, तो हसून म्हणाला, "मिला क्या आंटी?" मी म्हटलं, "मिलेगा!" आणि त्या पत्र्यांच्या वळणावर मला तो दिसला.

टोपी हातात, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, मान पुढे काढून लगालगा चालत येत होता. माझ्याकडे बघितलं, थांबला, आणि चेहऱ्यावर आनंद-बिनंद काही नाही, चक्क आठ्या!

"उत्तरा! अगं उलटी काय फिरतेस?"

मी रस्त्यात उभी राहून हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. त्याला काही कळेना. त्याने मला हाताला धरून बाजूच्या दगडावर बसवलं आणि टोपीने वारा घालायला लागला. "घाबरलीस ना? मला वाटलंच होतं. म्हणून तर थांबलो नाही कुठे."

"मी नाही रे, तू हरवला होतास."

"मी?" समोरून घोडागाडी गेली, तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असेन."

मी पाण्याची बाटली दिली. तो प्यायला. आणि मग न विचारता बोलायला लागला. नंदू स्वतःबद्दल कधी बोलत नाही, त्यामुळे मी तोंड बंद ठेवलं, जे मला जमत नाही.

"तू काय सांगून गेलीस ते गेलंच डोक्यातून. थांब म्हणालीस की चल म्हणालीस, काही आठवेना. हॉटेलचं नाव आठवेना. आपण कुठल्या गावात आहोत तेसुद्धा थोडा वेळ आठवेना, उत्तरा. समोर हे एवढं मोठं दिसत होतं, पण याचं नाव येईना तोंडावर. आतमध्ये असताना सगळं येत होतं."

"मग?"

"मग काय. घाबरलो. पण पाय चालू होते ना. म्हटलं, गोल आहे, फिरत राहू. भेटशीलच तू."

मी त्याचा हात घट्ट धरला. साचे घडवून घडवून खरखरीत झालेला हात आहे तो. त्या हातात हात घालून मी कोलोसियमच्या मागच्या अंगाला बसले आणि मला अनयचं आणि माझंही चुकत होतं ते समजलं. मी त्याला सांगत होते, बाबा विसरत नाहीत. तो मला सांगत होता, विसरतात, म्हणून इकडे आणा. अरे, विसरतो तो! आहेच तसं. पण विसरला तेव्हा वाचला कशाने? पायांना जे माहीत होतं, त्याने.

पाचला अजून थोडा वेळ होता. मी फोन काढला आणि अनयला लावला. व्हिडिओ नाही, साधा.

"बाबा हरवले होते," मी म्हटलं. "मगाशी तुझ्याशी खोटं बोलले. बाथरूमला नव्हते. मी शोधत होते त्यांना. आता सापडलेत, माझ्या शेजारी बसलेत, ठीक आहेत."

अनय म्हणाला, "आई, बघितलंस ना? हेच मी सांगत होतो. आता तरी—"

"आता तू ऐक. तुझे बाबा विसरतात. जास्त विसरतील पुढे. मी लपवणार नाही यापुढे, तुझ्यापासूनही नाही आणि डॉक्टरांपासूनही नाही. मदत लागेल, ती मी मागेन, आणि तुला यावं लागेल. पण मुलुंडच्या घराला हात लावायचा नाही."

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडते. काय करायचं ते कर."

"आई, हट्ट नको ना यार! तिकडे एकटे असताना हरवले तर?"

"अरे, तिकडे हरवतील तर कुणीतरी हाताला धरून घरी आणून सोडेल! नवघर रोडचा भाजीवाला ओळखतो, वाचनालयातली मुलगी ओळखते, इस्त्रीवाला ओळखतो. सकाळची फेरी डोळे मिटून मारतात ते तिथे. तुझ्या टॉवरमध्ये काय आहे त्यांच्या पायांना माहीत असलेलं? लिफ्टची बटणं? तिकडे आणलंस तर रोज सकाळी उठून त्यांच्यासाठी रोमच असेल रे. रोज. आणि मी किती वेळा उलटी फिरू?"

शेवटचं वाक्य त्याला कळलं नसणार. पण माझा आवाज फाटला तो कळला असावा. नंदूने माझ्या हातातून फोन घेतला. मी देत नव्हते, त्याने घेतला.

"अनय, मी बोलतोय. तुम्ही दोघं माझ्यावरून भांडताय का?"

मी कान फोनला लावला. पोराचा आवाज एकदम लहान झाला होता. "नाही बाबा. तसं नाही."

"ऐक. मला काही गोष्टी आता आठवत नाहीत. कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. पण मुलुंड मला पाठ आहे. तेवढं राहू दे माझ्याकडे."

मला वाटलं, लाइन तुटली. आमच्या एक्सचेंजच्या दिवसांत मी लगेच हॅलो-हॅलो केलं असतं. नाही केलं. मग अनयने घसा साफ केला. तो रडत होता. मी आई आहे, मला तीन समुद्र ओलांडूनही कळतं.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही आलात की मी शनिवारी तिकडे येतो. राहायलाच येतो. तुम्ही सकाळी कुठून कुठे जाता ते मला दाखवाल? सगळं? म्हणजे मलाही माहीत असेल."

नंदूने माझ्याकडे बघितलं. त्याच्याकडे कुणी काही शिकायला आलं की कारखान्यात त्याचा चेहरा व्हायचा तसा झाला होता. पाठ सरळ केली आणि टोपी डोक्यावर घातली.

"दाखवतो की," तो म्हणाला. "पण सातच्या आत ये. मी कुणासाठी थांबत नाही."